‘हाड’ आणि ‘यू यू’च्या मध्ये

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दूध केंद्र आहे. पहाटे पावणेसहाला टेम्पो येतो, क्रेट खडखडत उतरतात आणि त्या आवाजाबरोबर एक फाटक्या कानाचा काळा कुत्रा पायऱ्यांशी येऊन बसतो. केंद्रवाला त्याला ‘राजा’ म्हणतो, समोरच्या इमारतीचा वॉचमन ‘काळ्या’, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी ‘बाळा’. तिन्ही नावांना तो शेपूट हलवतो. एके दिवशी मी त्याच्याकडे ग्लुकोजचं बिस्किट टाकलं. ते फरशीवर उडालं आणि उभ्या स्कूटरखाली गेलं. कुत्रा पुढच्या चाकापाशी हुंगत राहिला, मग मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या. एक कशीबशी काखेत धरून मी मागच्या चाकाकडे बोट केलं. त्याने बोट पाहिलं, माझं तोंड पाहिलं आणि तडक मागच्या चाकाकडे जाऊन बिस्किट उचललं.

यात विशेष काय, असं कोणीही म्हणेल. गल्लीत वाढलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. पण एवढ्याशा गोष्टीवर प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांमध्ये पंचवीस वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे, आणि त्या वादाला नवं वळण मिळालं ते याच जातीच्या, म्हणजे कुठल्याच जातीच्या नसलेल्या, आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांमुळे.

गोष्ट १९९०च्या दशकातली. अमेरिकेत एमरी विद्यापीठात मायकेल टोमासेलो हे मानसशास्त्रज्ञ चिंपांझींवर काम करत होते. दोन भांडी उपडी ठेवायची, एकाखाली खाऊ लपवायचा आणि बोटाने दाखवायचं, की इथे आहे. माणसाचं वर्षा-सव्वा वर्षाचं मूल हे ओळखतं. आपले सर्वांत जवळचे भाऊबंद असलेले चिंपांझी मात्र गोंधळायचे. यावरून टोमासेलोंचा निष्कर्ष असा, की दुसऱ्याच्या मनात काय आहे हे बोटावरून ताडणं ही फक्त माणसाची मिरास. त्यांच्या हाताखाली शिकणारा ब्रायन हेअर नावाचा विद्यार्थी म्हणाला, की हे तर माझा कुत्रासुद्धा करतो. घरी जाऊन त्याने आई-वडिलांच्या गॅरेजमध्ये ओरिओ या आपल्या कुत्र्यावर प्रयोग सुरू केले. ओरिओ बोटाच्या रोखाने बरोबर भांड्याकडे जायचा.

त्याच सुमाराला हजारो किलोमीटरवर, बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद विद्यापीठात, विल्मोश चानी यांनी आपल्या विभागाचा मोर्चा १९९४मध्ये माशांकडून कुत्र्यांकडे वळवला. तोवर तिथे पॅराडाईज फिश या छोट्या माशांच्या वागण्यावर संशोधन चाले. चानींना डोंगरात फिरताना फ्लिप नावाचा बेवारस कुत्रा भेटला, त्याला त्यांनी घरी आणलं आणि त्याच्या करामती पाहता पाहता त्यांना वाटलं, की आपण इतकी वर्षं काचेच्या टाकीत काय शोधत होतो? त्यांचे सहकारी आदाम मिक्लोशी आणि अमेरिकेतला हेअर, दोघांचेही बोट दाखवण्यावरचे निबंध एकाच वर्षी, १९९८मध्ये, प्रसिद्ध झाले. एकमेकांना विचारून नव्हे.

पुढे मिक्लोशींच्या गटाने केलेला एक प्रयोग मला सर्वांत जास्त आवडतो. लांडग्याची पिल्लं विद्यार्थ्यांनी जन्मापासून बाटलीने दूध पाजून, रात्रंदिवस सोबत ठेवून वाढवली. तशीच कुत्र्याची पिल्लं. मग दोघांनाही दोरी ओढून मांस काढायला शिकवलं. दोघंही शिकले. नंतर मुद्दाम दोरीचं टोक असं बांधून टाकलं, की कितीही ओढा, मांस येणार नाही. लांडगे ओढत राहिले. कुत्र्यांनी दोन-चार हिसके दिले आणि मागे वळून माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. २००३च्या या निबंधाचा गाभा इतकाच, की अडलं की कुत्रा माणसाकडे बघतो, लांडगा बघत नाही. स्कूटरखाली बिस्किट अडकल्यावर आमच्या ‘राजा’ने नेमकं तेच केलं होतं.

मग सिद्धांत असा मांडला गेला, की हजारो वर्षं माणसासोबत राहून कुत्र्याच्या मेंदूतच ही माणूस वाचण्याची कला उतरली, ती जन्मजात आहे. हेअर आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या २००२च्या निबंधात कुत्र्यांची पिल्लंसुद्धा या परीक्षेत उत्तीर्ण, आणि लांडगे व चिंपांझी मागे. पुढे उलटी बाजू आली. २००८मध्ये मोनिक उडेल, निकोल डोरी आणि क्लाइव्ह विन यांनी दाखवलं, की माणसांत वाढलेले लांडगे बोट छान ओळखतात, आणि प्राणी-निवाऱ्यातले कुत्रे चुकतात. म्हणजे जन्मजात वगैरे काही नाही. ज्याला माणसाचा हात खाऊ देतो हे माहीत आहे, तो हाताकडे बघतो. वाद इथे येऊन अडकला, आणि अडकणारच होता. कारण दोन्ही बाजूंनी तपासले ते पाळलेले नाहीतर कोंडलेले प्राणी. पाळलेल्या कुत्र्याला जन्मापासून चोवीस तास माणूस दिसतो. तो काय घेऊन जन्मला आणि काय शिकला, हे वेगळं कसं काढणार?

जगातल्या कुत्र्यांपैकी बहुसंख्य, एका प्रचलित अंदाजानुसार तीन चतुर्थांश, कुणाच्याही पट्ट्यात नसतात. ते उकिरड्यावर, बाजारात, चहाच्या टपरीमागे राहतात. सोफ्यावर झोपणारा लॅब्राडोर हा आकड्यांच्या हिशेबात अपवाद. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर आणि लोर्ना कॉपिंजर यांचं तर म्हणणं होतं, की माणसाने लांडगा पकडून कुत्रा केला नाही; वस्तीच्या कचऱ्यावर जगायला धजावलेले लांडगे आपणहून कुत्रे झाले. तो सिद्धांत सगळ्यांना मान्य नाही. पण कुत्रा माणसाच्या ताटातल्या खरकट्यावर घडला याची खूण जनुकांत सापडते. २०१३मध्ये स्वीडनमधल्या गटाने दाखवलं, की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. दूधभाकरी खाणारा कुत्रा हे आपल्याकडचं घरगुती चित्र त्या जनुकात लिहिलेलं आहे. नामदेव तुपाची वाटी घेऊन ज्याच्यामागे धावले, तोही पोळीच पळवत होता.

तेव्हा खरी परीक्षा घ्यायची तर ती रस्त्यावर. हे ज्यांनी हाती घेतलं त्या अनिंदिता भद्रा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गडगकर यांच्याकडे त्यांनी गांधीलमाशांच्या वसाहतींवर संशोधन केलं होतं. नंतर आयसर कोलकात्यात आल्यावर त्यांनी विषय घेतला तो संस्थेच्या फाटकाबाहेर बसलेला. या विषयाला प्रयोगशाळेची भिंत लागत नाही, महागडी यंत्रंही लागत नाहीत. दोन भांडी, पुठ्ठ्याची झाकणं, कॅमेरा आणि कच्ची कोंबडी. अडचण फक्त एकच असते: विषय कधी उठून निघून जाईल ते सांगता येत नाही.

सुरुवातीचा एक प्रश्न अगदी साधा होता. उकिरड्यात भात, पाव, हाडं, प्लास्टिक सगळं एकत्र असतं. कुत्रा निवडतो कसा? पावाला कोंबडीचा वास लावून, वास आणि खरं मांस यांची वेगवेगळी मिश्रणं समोर ठेवून त्यांनी पाहिलं. उत्तर निघालं ते कुठल्याही मटणाच्या दुकानाबाहेर उभं राहून समजेल असं: ज्याला मांसाचा वास जास्त, ते आधी. बाकीचं नंतर, पण सोडायचं नाही.

मग बोटाचा प्रयोग. दोन झाकलेली भांडी, एकात कोंबडीचा तुकडा, दुसऱ्याला नुसता कोंबडीचा रस चोळलेला, म्हणजे नुसत्या वासावरून ओळखता येऊ नये. अनोळखी माणूस दुरून बोट दाखवतो. कधी बोट रोखून धरतो, कधी क्षणभर दाखवून हात खाली घेतो. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात १६० प्रौढ कुत्रे होते. त्यातले जवळपास निम्मे भांड्यांकडे फिरकलेच नाहीत. जे आले, त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी बोटाच्या दिशेचं भांडं निवडलं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कुणी पाळलं नव्हतं, आणि बोट दाखवणाराही परका.

लोक यातला ८० टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवतात. मला त्या न आलेल्या निम्म्यांचं जास्त वाटतं. अभ्यासकांनी नोंदवलं, की ते घाबरलेले दिसत होते. बहुधा माणसाचा पूर्वीचा अनुभव वाईट. बोटाचा अर्थ त्यांना कळत नव्हता असं कुणी म्हणू शकणार नाही. हात कसा असतो ते त्यांना इतरांपेक्षा जास्त कळलं असेल.

त्याच प्रयोगशाळेने आधी, २०१७मध्ये, जवळून बोट दाखवून पिल्लं, वाढत्या वयाचे कुत्रे आणि प्रौढ अशी तुलना केली होती. पिल्लं बिनदिक्कत बोटामागे जातात. थोडी मोठी झाली की तसं करणं थांबतं. ती माणूस-भांडं-माणूस अशी नजर फिरवत राहतात. प्रौढ पुन्हा बोट मानतात, पण पारखून: ज्याने खरोखर खाऊ दिला त्याचं ऐकायचं. म्हणजे पिल्लाचा भाबडेपणा, मग संशय, मग हिशेब. जन्मजात की शिकलेलं, या वादाचं उत्तर रस्त्याने असं दिलं, की काहीतरी घेऊन ते जन्माला येतात आणि त्यावर काय चढवायचं ते गल्ली ठरवते.

गल्ली काय चढवते याचा एक आकडा याच गटाच्या २०१६च्या निबंधात आहे आणि तो वाचवत नाही. ९५ वेतांमधली ३६४ पिल्लं त्यांनी पाहिली. वयात येईपर्यंत जगली १९ टक्के. मेलेल्यांपैकी ६३ टक्के मृत्यूंमागे कुठल्या ना कुठल्या रूपात माणूस होता. आता गंमत म्हणावी की काय, पण या आया पिल्लं माणसांपासून लांब, झुडपात घालत नाहीत. जिन्याखाली, बांधकामावरच्या पाइपात, दुकानाच्या फळीमागे घालतात. जो मारतो त्याच्याच दाराशी, कारण जो खायला देतो तोही तोच.

ही पिल्लं वाढतात कशी, तेही त्यांनी मोजलं. आपल्याकडे भाद्रपद महिन्याला कुत्र्यांचा महिना म्हणतात, बरेचदा कुत्सितपणे. बंगालमधल्या नोंदींतही माजाचा मुख्य काळ पावसाळ्याच्या अखेरीचाच आणि पिल्लं हिवाळ्यात. एका टोळीत एकाच वेळी दोघी-तिघी व्यालेल्या असतात. मग एकीची पिल्लं दुसरी पाजते, आजी नातवंडांना सांभाळते, काही नर सोबतीला राहतात. २०१८च्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी याला भारतीय ‘एकत्र कुटुंब’ म्हटलं आहे. अर्थात एकत्र कुटुंबात जे चालतं ते इथेही चालतं: आईच पिल्लाच्या तोंडचा मांसाचा तुकडा पळवते, हेही याच गटाने नोंदवून ठेवलं आहे.

विश्वास कशाने बसतो, खाण्याने की हाताने? या प्रश्नासाठी त्यांनी अनोळखी कुत्र्यांना दोन प्रकारे वागवलं. काहींना खायला दिलं, काहींच्या डोक्यावरून तीन-चार वेळा हात फिरवला. एका भेटीत फारसा फरक दिसला नाही. पण काही दिवस हेच चालू ठेवल्यावर ज्यांना कुरवाळलं होतं ते त्या माणसाकडे जास्त सहज येऊ लागले. उकिरड्यावर जगणारा, एका तुकड्यासाठी दुसऱ्याला चावणारा प्राणी, आणि त्याला भाकरीपेक्षा हात महत्त्वाचा वाटावा! मी हे वाचल्यावर ‘राजा’ला बिस्किट देणं बंद करून पाहिलं. चार दिवसांत त्याने मला ओळख दाखवणं सोडलं. माझा प्रयोग शास्त्रीय नव्हता. शिवाय मी त्याला हात लावायला घाबरत होते, हेही कबूल करायला हवं.

कुत्रा आपल्याला वाचतो, हे एवढ्यावरून मान्य व्हावं. आपण त्याला कितपत वाचतो? न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९मध्ये १४ पाळलेल्या कुत्र्यांवर एक छोटा प्रयोग केला. ‘चोरून खाल्लंय ना, बघा कसा तोंड लपवतोय’ असं जे घरोघर म्हटलं जातं, त्याची परीक्षा. कुत्र्याने खाल्लं असो वा नसो, मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तो अपराधी चेहरा गुन्ह्याशी जुळला नाही, रागावण्याशी जुळला. उलट न खाता बोलणी बसलेल्यांचे चेहरे जास्त पडलेले होते. लहान मुलांचं तर आणखी अवघड: दात विचकलेला कुत्रा बऱ्याच मुलांना हसतोय असं वाटतं.

आणि हा वाचण्याचा प्रश्न आपल्याकडे जिवावरचा आहे. रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज, त्यात भारताचा वाटा मोठा, आणि मरणाऱ्यांत मुलं खूप. लक्षणं दिसू लागली की वाचणं जवळपास अशक्य. ज्याच्या घरात हे घडलं आहे त्याला बोटाच्या प्रयोगाचं कौतुक सांगायला जाऊ नये. या बाबतीत गोव्याने करून दाखवलं आहे. जाळी घेऊन फिरणारी पथकं, मोबाइलवर प्रत्येक गल्लीची नोंद, दरवर्षी कुत्र्यांचं लसीकरण, शाळांतून शिकवणी. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक नोंदी ९२ टक्क्यांनी घटल्या आणि माणसांतला रेबीज थांबला. त्यासाठी कुत्रे मारले नाहीत. मारण्याचा उपाय मुंबईने फार पूर्वी पाहिला आहे: जून १८३२मध्ये इंग्रज सरकारच्या पोलिसांनी कुत्रे मारायला सुरुवात केली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि फोर्टात दंगल झाली. त्यांच्या अंत्यविधीत मृताला कुत्र्याच्या नजरेसमोर ठेवण्याला महत्त्व आहे, हे सरकारच्या गावी नव्हतं.

दुसरी बाजू सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर दिसते. माळढोकसाठी राखलेल्या त्या गवताळ रानात अबी तमीम वनक यांनी खोकड आणि गावकुत्री यांचा अभ्यास केला. खाण्यात दोघांचा झगडा नाही; खोकड उंदीर, किडे, रानफळं खातो, कुत्रा मुख्यतः माणसाचं दिलेलं आणि टाकलेलं. तरी कुत्रा आसपास असला की खोकडाचं समोर ठेवलेल्या खाण्यावर लक्ष लागत नाही. आपण गावात टाकलेल्या भाकरीवर कुत्रा पोसला जातो, आणि माळावरचा खोकड उपाशी राहतो. प्राणिप्रेमाच्या चर्चेत खोकड फारसा येत नाही, कारण तो दूध केंद्रापाशी बसत नाही.

कायद्याची भाषा मात्र बदलली आहे. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत अशा कुत्र्यांना ‘सामुदायिक प्राणी’ म्हटलं आहे. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातले सगळे कुत्रे उचलायला सांगितलं आणि अकरा दिवसांत तो आदेश बदलून निर्बीजीकरण व लस दिलेले कुत्रे, पिसाळलेले आणि हिंस्र सोडून, जागेवर परत न्यायला सांगितलं. बातम्यांत शब्द एकच होता, ‘भटके’. हा शब्द मला कधी पटला नाही. आमचा ‘राजा’ दूध केंद्र ते इस्त्रीवाल्याची टपरी यापलीकडे जात नाही. पलीकडच्या गल्लीतल्या कुत्र्यांची तिथे हद्द सुरू होते आणि ती ओलांडली की काय होतं ते त्याच्या कानावर लिहिलेलं आहे. भटकतो तो आपल्यातलाच कुणी, दर तीन वर्षांनी भाड्याचं घर बदलणारा.

परवा सकाळी केंद्रासमोर माझ्या चपलेचा अंगठा सुटला. मी वाकले. त्या क्षणी तो उठून चार पावलं मागे सरला, शेपूट खाली, नजर माझ्या हातावर. बिस्किटं देणारी बाई, तीन वर्षांची ओळख, पण वाकलेला माणूस म्हणजे दगड उचलणारा माणूस. मी हात रिकामा वर केला, तळवा दाखवला. त्याने तळव्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि होता तिथेच खाली बसला. पुढे आला नाही.